कर्जतच्या ओसरीवरची गुराब

आमच्या कर्जतचे नाव काढले की परगावचा माणूस हमखास विचारतो, लोकलगाडी जाते तेच ना, स्टेशनवर वडा मिळतो ते? आताशा मी खुलासा करायचाही कंटाळा करतो. ते कर्जत रायगड जिल्ह्यातले, घाटाच्या पायथ्याशी, पावसात चिंब भिजणारे. आमचे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे कालपरवापर्यंतच्या नगर जिल्ह्यातले. संत गोदड महाराजांचे, रेहेकुरीच्या काळविटांचे, ज्वारीचे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्यांचे. समुद्र इथून दोन-अडीचशे किलोमीटर दूर. माझ्या लहानपणी होडी बघायची तर सिद्धटेकला जायचे. दौंडकडून गणपतीला येणारे भाविक भीमेच्या पात्रातून होडीने अलीकडे येत. पुढे पूल झाला आणि ती होडीही गेली.

अशा गावात माझ्या ओसरीवर, लाकडी घोडीवर, एक जहाज उभे आहे. लांबी पंचवीस इंच. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातल्या तीन डोलकाठ्यांच्या गुराबेची ही प्रतिकृती. एका फुटाला पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक, हे माप धरले आहे. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारासाठी जहाजांच्या ज्या सुबक प्रतिकृती बनत, त्या बहुतेक याच मापाच्या. चार वर्षे मी हे काम करतो आहे. दोन डोलकाठ्या उभ्या राहिल्या आहेत. तिसरीची जागा रिकामी आहे. ती का, ते शेवटी सांगतो. आधी ज्यांच्या जहाजासाठी हा खटाटोप केला, त्यांच्याविषयी.

कान्होजींची आणि माझी गाठ पडली ती नोकरीमुळे. १९९९ साली माझी बदली अलिबागच्या शाखेत झाली होती. संध्याकाळी हिशेब जुळले की मी किनाऱ्यावर जाऊन बसत असे. समोर कुलाबा किल्ला. ओहोटी लागली की लोक चालत किल्ल्यात जातात आणि भरतीच्या आत परत येतात. देशावरच्या माणसाला हा प्रकार अद्भुत वाटतो. दिवसातून दोनदा बेट होणारा आणि दोनदा जमिनीला लागणारा किल्ला! त्याच वर्षी टपाल खात्याने तीन रुपयांचे एक तिकीट काढले. त्यावर कान्होजींच्या आरमारातल्या गुराबेचे चित्र होते. ते तिकीट मी पाकिटात जपून ठेवले. मनात आले, हे जहाज आपल्या हाताने करून बघावे. पण नोकरी, मुलांची शिक्षणे आणि रात्री जागून लिहिलेल्या कादंबऱ्या यांत वीस वर्षे निघून गेली. निवृत्त झालो, गावी आलो आणि पाकिटातले तिकीट पुन्हा हाती लागले.

कान्होजींचे चरित्र वाचताना मला पहिला धक्का बसला तो हा, की हे घराणे समुद्राकाठचे नव्हतेच. मूळ आडनाव संकपाळ. घाटावरच्या अंगरवाडीवरून आंग्रे हे नाव पडले, असे सांगतात. म्हणजे हे तुमच्याआमच्यासारखे, मातीत पाय असलेले लोक. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. त्यामुळे १६६९ च्या सुमारास जन्मलेल्या कान्होजींचे बालपण हर्णैच्या किनाऱ्यावर गेले. कोळी, भंडारी, गाबीत आणि दर्यावर्दी मुसलमान ही पोरे त्यांचे सवंगडी. वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ, पाण्याखालचा खडक कुठे आहे, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते या लोकांच्या अंगात होते आणि त्यांच्यात वाढलेल्या कान्होजींच्या अंगात ते आपसूक उतरले.

तो काळ मराठी राज्याच्या कसोटीचा होता. संभाजी महाराज गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दीने उचल खाल्ली. त्या धामधुमीत तरुण कान्होजींनी सुवर्णदुर्ग शत्रूच्या हाती जाऊ दिला नाही, ही हकिगत कोकणात आजही अभिमानाने सांगितली जाते. आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर १६९८ साली वारले आणि त्यांच्यामागे आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. सरखेल हा किताब मिळाला. शिवाजी महाराजांनी उभारलेले आरमार तोवर विस्कळीत झाले होते. पुढच्या तीस वर्षांत कान्होजींनी ते असे उभे केले, की मुंबईपासून दक्षिणेकडे जाणारे कोणतेही व्यापारी जहाज त्यांचा विचार केल्याशिवाय नांगर उचलीत नसे.

आता गुराबेकडे येऊ. आमच्या सौ.नी पहिल्याच दिवशी विचारले, नकाशा कुठे आहे? प्रश्न बिनतोड होता. आपल्याकडचे कारागीर कागदावर आराखडा काढून जहाज बांधीत नसत. माप डोळ्यात आणि हातात असे, बापाकडून मुलाकडे जाई. त्यामुळे मला जी माहिती मिळाली ती शत्रूंच्या दप्तरातून. रॉबर्ट ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या जहाजांचे बारकाईने वर्णन करून ठेवले आहे. आपल्या सरखेलाचे जहाज घडवायला बसावे आणि मोजमाप घ्यावे ते विरुद्ध पक्षाकडून, याची प्रथम खंत वाटली. मग बँकेतली सवय कामी आली. कर्जदाराची खरी पत किती, हे पुष्कळदा त्याच्या स्पर्धकाकडूनच कळते.

गुराब हा शब्द अरबी. त्याचा अर्थ कावळा. मोठी गुराब तीन डोलकाठ्यांची आणि सुमारे तीनशे टनांची, धाकटी दोन डोलकाठ्यांची आणि दीडशे टनांपर्यंतची. लांबीच्या मानाने अंग बरेच रुंद आणि मध्यापासून टोकाकडे निमुळते होत गेलेले. विलायती जहाजाचे पुढचे अंग भरीव आणि उंच असते. गुराबेला तसे अंग नाही, तिची नाळ चोचीसारखी पुढे आलेली. कावळ्याचे नाव का पडले असेल, याची कल्पना मला ही चोच तासताना आली. या चोचीवर फळ्यांचा पक्का तक्ता असतो, पण त्याला कठडा नसतो. मी प्रथम चूक केली आणि कठडा बसवला. वर्णन पुन्हा वाचले तेव्हा कळले, की समोरची लाट अंगावर येते तेव्हा अशी नाळ जोराने खाली बुडते. तिथे कठडा असला तर पाणी अडून राहील. कठडा नसल्यामुळे आलेले पाणी आल्या वाटेने निघून जाते. मी बसवलेला कठडा पटाशीने काढून टाकला.

चोचीच्या मागे एक आडवी लाकडी भिंत. तिला दोन भोके आणि त्यांतून पुढे रोखलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. विलायती जहाजाची ताकद त्याच्या दोन्ही कुशींत असे. गुराब पुढे तोंड करून मारा करी. तिच्या सोबतीला गलबते असत. तीही त्याच घडणीची, पण लहान आणि हलकी, मोठ्यात मोठे सत्तर टनांपर्यंत. त्यांना चाळीस-पन्नास भक्कम वल्ही. वारा पडला की विलायती जहाज जागच्या जागी खिळून राही. अशा वेळी गलबते दोर लावून गुराबेला ओढत शत्रूच्या पाठीमागे नेत. तिथे शत्रूच्या तोफा कमी असत. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते असा ताफा मिळून एका बलाढ्य जहाजावर तुटून पडे. आधी डोलकाठ्या आणि शिडे निकामी करायची, मग जवळ जाऊन माणसे चढवायची, असा शिरस्ता.

आणखी एक गोष्ट हातानेच शिकवली. गुराबेचा तळ पाण्यात फार खोल जात नाही. माझी प्रतिकृती मी आंघोळीच्या टबात तरंगवून पाहिली तेव्हा ती जेमतेम बुडाली होती. याच कारणाने कान्होजींची जहाजे खाडीच्या तोंडातून सहज आत शिरत आणि खोल बुडणारी परकी जहाजे बाहेर ताटकळत राहत. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी, गिर्ये गावात, खडक खोदून केलेली आंग्र्यांची गोदी आहे. पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद. त्या काळात जहाजांची डागडुजी चाले. कान्होजींपाशी इंग्रजांएवढी मोठी जहाजे नव्हती, असे पुस्तकांत लिहिलेले असते आणि ते खरे आहे. पण आपला किनारा कसा आहे, आपल्या खाड्या किती खोल आहेत, वारा केव्हा पडतो, हे पाहून त्यांनी त्याला साजेशी जहाजे वापरली. शेजाऱ्याने ट्रॅक्टर घेतला म्हणून दोन एकरांसाठी कर्ज काढून ट्रॅक्टर घेणारे कितीतरी लोक माझ्या टेबलासमोर येऊन बसले. कान्होजी त्यांच्यातले नव्हते.

इंग्रजांच्या पुस्तकांत कान्होजी हे समुद्री चाचे आहेत. या शब्दाचा मी बँकेच्या माणसाच्या नजरेने विचार केला आहे. कान्होजींच्या समुद्रातून जायचे तर त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. त्यासाठी ठरलेली रक्कम भरायची. दस्तक असलेल्या जहाजाला त्रास नाही. नसलेले जहाज जप्त. ही पद्धत कान्होजींनी शोधलेली नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून आपले परवाने सगळ्या व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारीत होते. इंग्रजही परवाने देत. भांडण होते ते सही कोणाची चालायची, एवढेच. कंपनीचा माल कोणता आणि कंपनीच्या निशाणाखाली देशी व्यापाऱ्याने चढवलेला माल कोणता, यावरून तंटे होत. शेवटी ज्याच्या पुस्तकात इतिहास लिहिला गेला, त्याने समोरच्याला चाचा ठरवले. छत्रपतींची सनद असलेला, किल्ले, खलाशी आणि हिशेब सांभाळणारा, करार करणारा आणि मोडल्यास जाब विचारणारा माणूस चाचा कसा?

याचा अर्थ त्यांचा हात सौम्य होता असे नाही. १७१२ च्या अखेरीस त्यांच्या जहाजांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या झटापटीत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत पडली. पुढे १७१३ च्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये घेऊन तिची सुटका झाली. त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की शौर्याच्या कथेची चव थोडी कडू होते. समुद्रावरची सत्ता तेव्हा अशीच चाले, इंग्रजांची आणि पोर्तुगिजांचीही. पण आपल्या थोर माणसाचे चरित्र सांगताना एवढे पान गाळू नये, असे मला वाटते.

कान्होजींच्या आयुष्यातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग मात्र लढाईचा नाही आणि समुद्रावरचाही नाही. तो घडला घाटमाथ्यावर, त्या दुसऱ्या कर्जतच्या डोक्यावर. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठी राज्यात दोन पक्ष झाले. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. १७१३ मध्ये शाहूंनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले. कान्होजींनी पिंगळ्यांनाच कैद केले, लोहगड आणि राजमाची घेतले, आणि आता ते साताऱ्यावर चालून येणार अशी हवा झाली. तेव्हा शाहूंनी बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवेपदाची वस्त्रे दिली आणि कान्होजींकडे पाठवले.

बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे. दोघांचीही हयात कोकणाने घडवलेली, दोघेही सिद्दीला ओळखून असलेले. बाळाजींनी तलवारीपेक्षा बोलण्यावर भर दिला. लोणावळ्याच्या परिसरात दोघांची बोलणी झाली आणि १७१४ च्या सुरुवातीला तह झाला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले, पिंगळ्यांना सोडले आणि घाटावरचे किल्ले परत दिले. त्यांच्याकडे सरखेलपद कायम राहिले, शिवाय दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी. एकाच घरातली दोन माणसे एकमेकांचा जीव घेण्याच्या बेतात होती. एक उठून दुसऱ्याकडे गेला, दुसऱ्याने त्याला बसवून घेतले, आणि एक मोठे युद्ध टळले.

या तहाचे मोल पुढच्या दहा वर्षांत कळले. मुंबईला चार्ल्स बून नावाचा नवा गव्हर्नर आला होता. आंग्र्यांचा कायमचा निकाल लावायचा, असा त्याचा निश्चय. १७१७ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि हात हलवीत परत आले. १७१८ मध्ये खांदेरीवर गेले, तेथेही तेच. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी त्यांनी जाड भिंतींचा एक तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून आणला होता. त्याचाही काही उपयोग झाला नाही. मग १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन अलिबागवर आले. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातल्या चार युद्धनौका घेऊन कमोडोर मॅथ्यूज त्यांच्या साह्याला होता. तेव्हा शाहूंची फौज आणि तरुण बाजीराव पेशवे कान्होजींच्या मदतीला धावले. हल्ला फसला, मॅथ्यूज स्वतः भाल्याने जखमी झाला आणि पोर्तुगिजांनी बाजीरावांशी वेगळा तह करून टाकला. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब आजमावून पाहिले. त्यांनाही परतावे लागले. इंग्रज, पोर्तुगीज, डच. जग जिंकायला निघालेली तीन राष्ट्रे आणि समोर एक कोकणचा सरखेल. पण १७२१ ला तो एकटा नव्हता, हे विसरून चालणार नाही. १७१४ चा तह झाला नसता तर घाटावरून कोण आले असते?

४ जुलै १७२९ रोजी अलिबागला कान्होजींचे निधन झाले. पावसाळा होता. आरमार गोदीत विसावले असणार. अलिबाग गावात त्यांची समाधी आहे. बँकेतून घरी जाताना मी पुष्कळदा तिच्यावरून वाट काढीत असे.

त्यांना सहा मुलगे. सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी. थोरल्या सेखोजींनी वडिलांचा वारसा नीट चालवला, पण १७३३ मध्येच ते गेले. मग संभाजी आणि मानाजी यांच्यात वितुष्ट आले. १७३५ मध्ये बाजीरावांनी मध्यस्थी करून वाटणी करून दिली. मानाजींना उत्तरेकडे कुलाबा, संभाजींना दक्षिणेकडे सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग. आरमार दुभंगले. भावाभावांत तंटा लागला की दोघेही बाहेरच्याकडे बघू लागतात. इथेही तेच झाले. संभाजींच्या मागे तुळाजी विजयदुर्गावर आले. ते शूर होते, पण पेशव्यांचे वर्चस्व मानायला तयार नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे येऊन ठाकले. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना बांधून उभी होती. तोफेचा पेटता गोळा एका जहाजावर पडला. ते जहाज पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून घेतलेले होते. एकाची आग दुसऱ्याला लागली. बांधणीत असलेली जहाजेसुद्धा जळाली. कान्होजींच्या मृत्यूनंतर अवघ्या सत्तावीस वर्षांत, एका दिवसात, मराठ्यांच्या सर्वांत मोठ्या आरमाराची राख झाली.

म्हणूनच आज आपल्यापाशी कान्होजींचे दगड आहेत, लाकूड नाही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत. आनंद झाला. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून आंग्रे हे नाव आहे, खांदेरीच्या दीपगृहालाही कान्होजींचे नाव दिलेले आहे. पण ज्या जहाजांच्या बळावर हे नाव झाले, त्यातले एकही नाही. याउलट जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत इंग्रजांसाठी बांधलेली त्रिंकोमाली ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिची प्रतिकृती करायची तर आराखडेही मिळतात आणि खुद्द जहाजही पाहायला मिळते. आपले कसब आपण दुसऱ्यासाठी वापरले तेव्हा ते टिकले. आपल्यासाठी वापरले ते आपल्याच भांडणात जळाले.

आपल्या नौदलात २०२५ साली कौंडिण्य नावाचे शिवलेल्या फळ्यांचे शिडाचे जहाज दाखल झाले. अजिंठ्याच्या लेण्यातल्या एका चित्रावरून ते घडवले. आधी त्याची प्रतिकृती करून मद्रासच्या आयआयटीत पाण्यात तपासली आणि मग जहाज बांधले. पाचव्या शतकातल्या चित्रावरून हे जमले, तर अठराव्या शतकातल्या वर्णनांवरून गुराब का उभी राहू नये? कान्होजींच्या निधनाला २०२९ मध्ये तीनशे वर्षे होतील. अजून वेळ आहे.

आता तिसऱ्या डोलकाठीचे.

या प्रतिकृतीचे लाकूड आमच्या जुन्या माळवदाच्या तुळईचे आहे. आजोबांनी आणलेला साग. वडील गेले, घर उतरवले आणि आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. सगळे निम्मे निम्मे. तुळई एकच होती. ती कोणी घ्यायची यावरून शब्द वाढला. शेवटी टेप लावून, खूण करून, ती मधोमध कापली. त्या दिवसापासून ती तुळई म्हणून कोणाच्याच उपयोगाची राहिली नाही. शेतकऱ्यांना जमिनीचे तुकडे पाडू नका म्हणून मी नोकरीभर सांगत आलो आणि माझ्याच घरी करवतीचे दुसरे टोक मी धरले होते. धाकट्याचे आणि माझे बोलणे बंद झाले त्याला आता सहा वर्षे झाली. मध्ये एक भिंत आहे.

माझ्या वाट्याच्या निम्म्या तुळईतून गुराबेचा कणा निघाला, बरगड्या निघाल्या, फळ्या निघाल्या. सागाचे रेषे मोठे असतात. पातळ पट्टी काढली की ती चिरते. कुकरच्या वाफेवर धरून वाकवता वाकवता किती पट्ट्या मोडल्या याचा हिशेब नाही. शिडांसाठी जुन्या धोतराचा तुकडा चहात बुडवून काढला, दोरांसाठी शिलाईच्या दोऱ्याला मेण चोळले. तोफांसाठी मागवलेली पितळी सळई त्या दुसऱ्या कर्जतला गेली होती, ती पंधरा दिवसांनी फिरून आली. दुसरी डोलकाठी उभी केली आणि लक्षात आले, की तिसरीपुरते सरळ, गाठ नसलेले लाकूड उरलेले नाही. बाजारात मिळेल, पण आणवेना.

गेल्या आठवड्यात धाकट्याचा नातू माझ्या नातवाबरोबर शाळेतून आला. दोघे एकाच वर्गात आहेत, भिंत त्यांच्या आड येत नाही. बराच वेळ गुराबेभोवती फिरून त्याने विचारले, आजोबा, एक काठी कुठे गेली? मी म्हणालो, लाकूड संपले. तो म्हणाला, आमच्या दारात आहे की, आजोबा त्यावरच बसतात. आणि दोघे खेळायला पळाले.

धाकटा त्या अर्ध्या तुळईवर रोज संध्याकाळी बसतो, हे मला माहीत होते. भिंतीवरून त्याचा खोकला ऐकू येतो. कान्होजींकडे जायला बाळाजींना घाट चढावा लागला होता. मला दहा पावले चालायची आहेत. हा लेख तुम्ही वाचाल तो रविवार. त्याच संध्याकाळी जाईन म्हणतो. एक हातभर लाकूड मागायचे, त्याच्याशेजारी थोडे बसायचे. टेप घरीच ठेवणार आहे.